चित्रपट चालला, त्याची तक्रार

आदरणीय आक्का,

वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत, नवा चष्मा नाकावर बसला की अजून पेटीतच आहे, आणि जिन्याच्या वरच्या पायरीशी दिवा लावून घेतलात का, हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. पण फोनवर तुम्ही "सगळं ठीक ना?" विचारता, मी "हो" म्हणते आणि तुम्ही "बरं, ठेवते मग" म्हणून ठेवून देता. आपल्या घरात सगळं ठीक नसतं हे तुम्हाला इतक्या वर्षांत कळलं नाही, ते या पद्धतीमुळे. म्हणून लिहायला बसले आहे. पत्राला कारण एकच, आणि ते सध्या बाहेरच्या खोलीत सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून पडलेलं आहे. तुमचे बंधू. घाबरू नका, आजारी नाहीत. ताप नाही, पोट व्यवस्थित आहे, चहा ठेवल्याचा आवाज आला की उठून पितात आणि पुन्हा पडतात. झालंय एवढंच, की त्यांचा चित्रपट चालला.

तुम्ही म्हणाल, चालला तर बरंच झालं की. मीही तेच म्हणाले होते, आणि त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळून टाकलं. तुम्ही त्यांचा एकही चित्रपट पाहिलेला नाही (दिवसभर जे बघते तेच अंधारात बसून पुन्हा कशाला बघू, असं तुम्ही मागे म्हणाला होतात, ते त्यांना जेवताना आठवलं की अजून घास अडकतो), त्यामुळे थोडं मागचं सांगणं भाग आहे. चित्रपटांना त्यांनी दिलेली नावं फार मोठी आहेत आणि मला कधीच धड आठवत नाहीत. घरात आम्ही त्यांना खोकल्याचा, पाण्याचा आणि नर्सेसचा असं म्हणतो. म्हणजे मी म्हणते, आणि हे ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

खोकल्याचा पहिला. कारखान्याच्या धुराने एक अख्खी वस्ती खोकते, असा विषय. विषयाला नावं ठेवायची माझी हिंमत नाही, तो खराच आहे. पण खोकतात म्हणजे किती खोकावं याला काही धरबंध? पहिल्या खेळाला निम्मं सभागृह माझ्या माहेरचं होतं, उरलेलं रिकामं. त्या चित्रपटगृहाचे पंखे बऱ्याच दिवसांनी सुरू केलेले, त्यामुळे धूळ उडाली आणि मध्यंतरापर्यंत पडद्यावरचे आणि खुर्च्यांवरचे सगळे मिळून खोकायला लागले. यांनी अंधारात माझा हात दाबला आणि म्हणाले, पोचतंय. बाहेर आल्यावर माझ्या थोरल्या भावाने विचारलं, औषधाची जाहिरात शेवटी होती का, माझा डोळा लागला होता. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातल्या एका बड्या समीक्षकांनी लिहिलं की चित्रपट पाहून आपण निःशब्द झालो, आणि त्याखाली तीन रकाने मजकूर लिहिला. तेव्हापासून त्यांचं आमच्या घरातलं नाव निःशब्द. गृहस्थ पुढे दर चित्रपटाला निःशब्द होत गेले आणि रकाने वाढत गेले.

पाण्याच्या चित्रपटात एका नळाखाली एक बादली भरते. खरोखर जितका वेळ लागतो तितका वेळ भरते. आता बारीक धारेचा आवाज बंद खोलीत इतका वेळ ऐकल्यावर माणसाला काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. लोक एकेक करून उठले, मग घोळक्याने उठले, बाहेर जाऊन आले, तरी बादली अर्धीच. निःशब्दांनी लिहिलं, हे दाहक वास्तव सहन न होऊन प्रेक्षकांना सभागृह सोडावं लागलं. हे कात्रण यांनी चौकटीत लावून घेतलं आहे. नर्सेसच्या वेळी खऱ्या नर्सेसना बोलावलं होतं, त्या ड्यूटीवरून थेट आल्या आणि नावं पडायच्या आधीच ओळीने झोपल्या. यांनी मशीनवाल्याला जाऊन आवाज कमी करायला सांगितला. (खरं सांगू, त्या दिवशी मला यांचं फार कौतुक वाटलं होतं. बोलले नाही. बोललं की ते चर्चा करतात.)

चर्चा ही तर स्वतंत्र आपत्ती आहे. प्रत्येक खेळानंतर हे पडद्यासमोर उभे राहतात आणि उरल्यासुरल्या माणसांना विचारतात, अस्वस्थ वाटलं का? यांच्या लेखी तोच एक निकष. एकदा एका भल्या गृहस्थांनी हात वर करून हो म्हटलं, यांचा चेहरा उजळला, आणि मग कळलं की त्यांच्या खुर्चीचा खिळा वर आलेला होता. पण एकूण यांचं सगळं छान चाललं होतं, आक्का. सभागृह रिकामं, समीक्षक निःशब्द, वर्षाआड एखादा पुरस्कार (एक चांगला जड आहे, तो मी दार आपटू नये म्हणून लावते). लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणजे ते सुटले, घरी जाऊन विसरणार, असं हे मला समजावत. लोक येतच नाहीत त्यांनी काय लक्षात ठेवायचं, असं मी विचारत असे. मग दोघंही आपापल्या कामाला लागायचो. संसार असाच चालतो.

आणि मग आला खोलीचा. यात तुमचा हात आहे, म्हणून नीट वाचा.

तुम्ही चष्म्यासाठी आमच्याकडे आला होतात ते दिवस आठवा. यांची कामाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. नट घ्यायचे नाहीत, खरी माणसं घ्यायची, तालीम करायची नाही, कॅमेरा समोरच्या घराच्या खिडकीत ठेवायचा आणि काय होईल ते होऊ द्यायचं. गोष्ट एका म्हातारीची, जिची भाड्याची खोली घरमालक रिकामी करून घेतो. त्या कामाला ठरवलेल्या निवृत्त शिंपीणबाईंचा पाय नेमका त्या सकाळी मुरगळला आणि यांनी तुम्हाला उभं केलं. सूचना एकच दिली, की माणसं येऊन सामान काढतील, तू काही बोलू नकोस, गप्प खिडकीशी उभी राहा. आता तुम्हाला गप्प उभं राहा म्हणणं म्हणजे कुकरला शिटी देऊ नकोस म्हणण्यासारखं आहे. भाऊ असून यांना हे कळू नये?

मालकाचा माणूस झालेला तो विमा कचेरीतला कारकून कपाट उभंच्या उभं दारातून काढायला लागला, ते अडकलं, आणि तुमचा धीर सुटला. अरे, उभं काय नेतोस, आडवं कर, आधी कप्पे काढ, आणि सकाळपासून जेवलास का काही? या तुमच्या प्रश्नाला तो बिचारा खरंच उत्तर देऊन बसला, की नाही आजी, नुसता चहा झालाय. मग तुम्ही त्याला तुमच्याच वळकटीवर बसवलंत, पाणी दिलंत, दुसऱ्याला कपाटाचे पाय धरायला लावलेत आणि आपली खोली स्वतःच्या देखरेखीखाली रिकामी करून दिलीत. शेवटी बांधलेल्या सामानातून केरसुणी उपसून खोली झाडलीत, कोपऱ्यांसकट, आणि मगच किल्ली दिलीत. कॅमेरावाल्याला थांब म्हणायला कोणी नव्हतं (हे समोरच्या घरात डोक्याला हात लावून बसले होते), म्हणून त्याने सगळं टिपलं. संकलक म्हणाला, हे राहिलंच पाहिजे, नाहीतर दुसरा माणूस शोधा. यांनी विचार केला की स्वतःला घराबाहेर काढणाऱ्यांना स्वतःच मदत करणारी बाई पाहून लोक अस्वस्थ होतील, आणि हो म्हटलं.

पहिल्या खेळाला कपाट दारात अडकलं, तुम्ही "आडवं कर" म्हणालात, आणि मी हसले. ओठांत नाही हो, पोटातून. आणि सगळं सभागृह जणू कोणीतरी आधी हसायची वाट बघत होतं, असं फुटलं. "जेवलास का"ला तर मागच्या रांगेतल्या बाईंना ठसका लागला. यांनी अंधारातच माझ्याकडे मान वळवली. त्या दिवसापासून माझ्याशी सरळ बोलत नाहीत. चहा झाला असेल तर घेता येईल, दार लावलं तर बरं होईल, असं हवेत बोलतात आणि मी हवेतूनच ऐकते.

मग काय, चित्रपटगृहाच्या मालकाने फोन करून खेळ वाढवू का विचारलं, तर यांनी त्यालाच विचारलं, का, काही चुकलंय का? लोक पुन्हा येतात, येताना आपल्या आईला घेऊन येतात. रस्त्यात कोणी गाडी अडवून उभी केली की मागून आवाज येतो, "आडवं कर, आधी कप्पे काढ." भाजीवाला पिशवी भरताना मला विचारतो, वहिनी, त्या आजी तुमच्या कोण? मी ताठ मानेने सांगते, नणंद. त्याने त्या दिवशी कोथिंबीर फुकट घातली, तीही ताजी. यांनी ती कोथिंबीर ताटातून बाजूला काढून ठेवली. आणि निःशब्दांना एकदाची वाचा फुटली. एका गंभीर दिग्दर्शकाचा अधःपात, टाळ्यांच्या भुकेने केलेली तडजोड, असं काय काय. तेही एकवेळ चाललं असतं, पण एका नव्या पोरगेल्या समीक्षकाने लिहिलं की दिग्दर्शकाला अखेर विनोदाची नस सापडली. ते वाचून हे जे सोफ्यावर पडले, ते त्यानंतर एकदाच उठून बाहेर गेले. तेही गेले नसते तर बरं झालं असतं.

परवा दुपारी माझ्या भावाची कानटोपी घालून (थंडी नाही, लक्षात घ्या) हे स्वतःच्या चित्रपटाला तिकीट काढून गेले. माझ्या मनात पाल चुकचुकली, म्हणून मी मागोमाग गेले आणि दोन रांगा मागे बसले. कपाटाचा प्रसंग आला, लोक हसायला लागले, आणि हे ताडकन उभे राहिले. पडद्याकडे पाठ करून, कानटोपी हातात घेऊन, भरल्या सभागृहाला म्हणाले, हे हसण्यासारखं नाही. मग मागून कोणीतरी शांतपणे म्हणालं, काका, बसा, कपाट आडवं होतंय. झालं. जो हशा उठला त्याने माझी खुर्ची हलली. दारवान आला आणि यांच्या दंडाला धरून बाहेर न्यायला लागला. हे म्हणाले, मी या चित्रपटाचा दिग्दर्शक आहे. दारवान म्हणाला, मग तुम्ही बघितलेला असणार, चला बाहेर. मी कपाळाला हात लावला आणि यांच्या मागून निघाले. एवढ्या वर्षांत आम्ही दोघं मिळून मध्येच उठलो असा यांचा हा पहिलाच चित्रपट.

घरी चालत येताना मी तोंडाचा पट्टा सुटल्यासारखी बोलत होते. जन्मभर लोक येत नाहीत म्हणून कपाळावर आठ्या, आता येतात तर त्यांच्यावर ओरडायचं, हे कुठलं शहाणपण, माणसं हसली तर तुमच्या पोटात का दुखतं, वगैरे. हे पुढे चालत होते. कोपऱ्यावरच्या चांभाराच्या दुकानाशी थांबले आणि कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघून बोलले. म्हणाले, "ती म्हातारी कोणी पात्र नाहीये. ती माझी बहीण आहे, आणि ते तिला हसतात."

आणि मग त्यांनी तुमच्या जुन्या खोलीचं सांगितलं. आक्का, लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे कोणी सांगितलं नव्हतं. आई नव्हत्या, बाबा कामावरून यायचे होते, हे शाळेतून आले तेव्हा दारात घरमालकाची माणसं उभी होती. तुम्ही तेव्हा जेमतेम सोळा-सतराच्या. हे दप्तर पोटाशी धरून भिंतीला टेकून रडत होते, आणि तुम्ही त्या माणसांना कपाट आडवं करायला सांगत होतात, जेवलात का विचारत होतात. मग खोली झाडलीत. यांना त्या माणसांचा आला नाही तितका राग तुमचा आला. तुम्ही ओरडायला हवं होतं, दारात आडवं पडायला हवं होतं, असं त्यांना वाटलं. खोकल्याचा, पाण्याचा, नर्सेसचा, हे सगळे त्याच रागाने केलेले आहेत, हे मला परवा चांभाराच्या दुकानासमोर कळलं. आणि त्या दिवशी शूटिंगला तुम्ही शब्द न् शब्द तेच बोललात, म्हणून हे समोरच्या घरात डोक्याला हात लावून बसले होते. मला आपलं वाटत होतं, फिल्म वाया गेली म्हणून.

आता मुद्दा. यांनी ठरवलं आहे की तो प्रसंग कापायचा. कपाट नाही, जेवलास नाही, केरसुणी नाही. नुसतं बंद दार दाखवायचं आणि नव्या प्रती चित्रपटगृहांना पाठवायच्या. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी संकलकाला बोलावलं आहे. तो नाहीच म्हणणार होता, पण यांचा चेहरा बघून मान डोलावून गेला. मी भांडले. आदळआपट केली. एक बशी फुटली (तुम्ही दिलेल्यांतली नाही). यांनी हवेत सांगितलं, जी बाई पहिली हसली तिने बोलू नये.

पण आक्का, ते दरवेळी हसू आलं की कान बंद करतात, नाहीतर उठून जातात. पुढचं त्यांनी लोकांमध्ये बसून पाहिलेलंच नाही. मी काल पुन्हा गेले, एकटी. माझ्या शेजारी एक जाडजूड गृहस्थ होते, "आडवं कर"ला गुडघ्यावर हात आपटून हसले. पडद्यावर खोली रिकामी झाली. तुम्ही केरसुणी काढलीत. आणि ते हसू असं बसत गेलं, की केरसुणीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होता. तो गृहस्थ तोंड उघडं ठेवून बघत होता आणि त्याच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं, त्याला पत्ताही नव्हता. कोणी खोकलं नाही, कोणी उठून गेलं नाही. इतकी वर्षं ज्या शांततेसाठी या माणसाने जिवाचं रान केलं, ती तिथे होती, आणि हा माणूस घरी सोफ्यावर भिंतीकडे बघत होता. मला त्या क्षणी यांचा इतका राग आला आणि इतकी दया आली, की दोन्ही एकदम कसं करतात ते मला ठाऊक नाही. मी आपली रडले.

बाकी सर्व ठीक. गुडघ्यांना तेल लावत जा आणि फोनवर थोडं जास्त बोलत जा.

तुमची, या माणसाला पुरती कंटाळलेली,
भावजय

ता. क. बशीचं लिहिलं ते खोटं आहे. तुम्ही दिलेल्यांतलीच होती.

ता. क. दुसरा. तुम्ही या. संकलक येणार त्या सोमवारच्या आधी या. चष्मा घालून या. तुम्हाला चित्रपटाला न्यायचं आहे आणि यांना तुमच्या शेजारी बसवायचं आहे. मी सांगून उपयोग नाही, समीक्षकांनी सांगून तर मुळीच नाही. कपाट अडकल्यावर तुम्हाला हसू आलं तर भावाचा विचार करून दाबू नका, मोकळेपणी हसा. आणि नाही आलं, वाईट वाटलं, लोकांनी तुमच्या त्या दिवसाला हसू नये असं तुम्हाला वाटलं, तर तेही तिथेच सांगा. त्या दिवसाच्या मालकीण तुम्ही आहात. मग ती कात्री मी स्वतः संकलकाच्या हातात देईन आणि पुन्हा तोंड उघडणार नाही. पुन्हा त्यांचा चित्रपट बघणार नाही असं मी हल्ली रोज म्हणते, त्याकडे लक्ष देऊ नका. पुढचा कशावर आहे ते मला ठाऊक आहे, आणि त्यातल्या एका प्रसंगाबद्दल मला आत्तापासून काही सुचवायचं आहे.

ता. क. तिसरा (तुझ्या भावाच्या अक्षरात)

आक्का, ही आत पाकीट शोधायला गेली आहे तेवढ्यात लिहितो. बरंचसं वाढवून लिहिलं आहे. दारवानाने दंड धरला नव्हता, मी आपण होऊन निघालो. बाकीच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. संकलकाला आत्ताच फोन करून सांगितलं, आक्का येऊन जाईपर्यंत कशाला हात लावू नकोस.

एकच विचारायचं आहे, आणि ते फोनवर विचारलं तर तू "बरं, ठेवते" म्हणशील. आपली खोली गेली त्या दिवशी तू त्या माणसाला जेवलास का म्हणून विचारलंस आणि माझ्याकडे वळून बघितलंस. ते तू मला हसवायला विचारलंस का?

मी तेव्हा हसलो नव्हतो.